दुपारच्या झोपेचं गणित

तेल चोळून ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं की बाळ दोन-दोन तास गाढ झोपतं, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. अडचण उरलेल्या दिवसाची. दुपारी वीस मिनिटांत डोळे टक्क उघडे आणि संध्याकाळभर किरकिर.

जन्मतः बाळाला दिवस-रात्र कळत नाही. शरीरातलं घड्याळ साधारण दोन ते चार महिन्यांत लागू लागतं. तोवर वेळापत्रकाचा हट्ट व्यर्थच. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. सहाव्या महिन्यात दिवसाच्या दोन-तीन झोपा असतात. दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलं एकीवर येतात.

भिंतीवरच्या घड्याळापेक्षा बाळाकडे बघावं. सहा महिन्यांचं बाळ दोन-अडीच तास जागलं की नजर शून्यात लागते, डोळे चोळले जातात. ती वेळ टळली की ते चेकाळतं; मग अंगाईचाही उपयोग होत नाही. पडदा ओढणं, लंगोट बदलणं, थोडं थोपटणं असा ठरलेला क्रम रोज ठेवला तर त्याला पुढचं उमगू लागतं. मध्येच चाळवलं तर लगेच उचलू नये, पुष्कळदा ते आपणहून परत झोपतं. आणि त्यासाठी कुकरची शिट्टी दाबून धरायची मुळीच गरज नाही!

साडीच्या झोळीचं मात्र सांभाळून. तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. झोपवायचं ते सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर, उशीशिवाय, वर्षाचं होईपर्यंत.