गाठ नेटकी हवी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा अमेरिकेहून फोन आला. ती फ्लोरिडात राहते. घरामागे कालवा आहे आणि घरमालकांची छोटी मोटरबोट तिथंच असते. पण पाण्यात नाही, पाण्याच्या वर! तिनं फोटो पाठवला. धक्क्याला लागून चार खांब, त्यांवर मोटर, पोलादी तारांनी लटकलेला एक पाळणा आणि त्यात निजवलेली बोट. बटण दाबलं की पाळणा पाण्यात उतरतो आणि बोट तरंगते. फिरून आलं की पुन्हा वर घ्यायची. सतत खाऱ्या पाण्यात राहिलं तर तळाला शेवाळं, शिंपले धरतात, म्हणून ही सोय.

"मावशी, घरमालक पंधरा दिवस बाहेरगावी चाललेत. बोटीकडे लक्ष ठेव म्हणाले. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं गं?"

मी म्हटलं, "आधी बघ, तळाचं बूच काढलंय का? बोट पाळण्यात सरळ बसलीय का? पुढून-मागून दोरानं बांधलीय का? आणि दोर कुठं घासतोय का?"

ती चकित झाली. "मावशी, तुला हे कसं माहीत? तू तर होडीत बसायलाही घाबरतेस!"

खरं आहे. मला होडी लागते. पण मैत्रिणींनो, हे चार प्रश्न मी फार महागात शिकले आहे. त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. आमच्या बचत गटात १२ जणी. त्यातली एक मासे विकते, नवरा होडीवर जातो. २०१९ साली त्यांनी १८ फुटांची फायबरची होडी घेतली, तेव्हा गटातून आम्ही तिला ४० हजारांचं कर्ज दिलं. कुणी शिवणकामाचे, कुणी कोकम-पापडाचे साठवलेले पैसे. म्हणजे त्या होडीत थोडी थोडी आम्ही बाराही जणी होतो म्हणा ना!

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्याआधी गावागावांत होड्या किनाऱ्यावर ओढायची लगबग. लाकडी ओंडके खाली घालून, "हेऽऽ" करत दहा-पंधरा माणसं होडी वर आणतात. आमच्याकडे कुठला आलाय बटणाचा पाळणा! होडी वर आली, दोन्ही बाजूंनी टेकू लागले की सगळे हुश्श करतात. होडी जमिनीवर आली म्हणजे सुरक्षित झाली, असा आपला समज.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ येणार अशी सूचना आली. लॉकडाऊनचे दिवस. २ तारखेला संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले होते. ती आणि तिचा नवरा होडी बांधत होते. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "अहो भाऊ, त्या माडाला बांधा ना, चांगला जुना आहे." त्यांनी दोन्ही दोर त्या एकाच माडाला बांधले.

३ जूनला दुपारी वादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. आमच्या दापोली-मंडणगडात त्या दिवशी किती घरांची छपरं उडाली, किती माड-पोफळी आडव्या झाल्या, ते तुम्ही वाचलं असेल. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती. म्हणजे उधाणाचेच दिवस, त्यामुळे समुद्रही खवळलेला. वारा पडल्यावर आम्ही धावत गेलो. तो जुना माड मुळासकट उपटला होता आणि पडता पडता त्यानं होडीला आपल्याबरोबर ओढलं होतं. होडी टेकूंवरून घसरून कुशीवर पडलेली. आत पाणी भरलेलं. तळाला दीड हात लांबीचा तडा.

जिथं ती पडली होती ना, तिथं रोज संध्याकाळी पोरं लगोरी खेळतात. त्या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

पुढचं वर्ष कठीण गेलं. वीज यायलाच कितीतरी दिवस लागले. होडी दुरुस्त करायला कारागीर मिळेना. १ ऑगस्टला बाकीच्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, हिची नाही. दुसऱ्यांकडून उधारीवर मासळी घेऊन ती विकत बसायची. हप्ते थकले. गटाच्या बैठकीत कुरबुर सुरू झाली. एकजण तोंडावर म्हणाली, "वहिनी, माडाला बांधा असं तुम्हीच सांगितलंत ना?" मी काय बोलणार? समाजकार्य करणाऱ्या बाईला आपलं ते सगळं कळतं असं वाटू लागतं, हा आमचा रोगच आहे.

त्याच बैठकीत तिच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. पंच्याहत्तरी पार केलेल्या. म्हणाल्या, "भांडू नकात गो. या, दाखवते." आणि आम्हा सगळ्यांना घेऊन थेट पुळणीवर गेल्या.

त्यांनी पहिल्यांदा बूच दाखवलं. पाण्यात असताना ते बंद हवंच, पण होडी वर घेतली की ते काढून घरात नेऊन ठेवायचं. नाहीतर पाऊस आत साठतो. मी घरी येऊन हिशेब केला. त्या होडीत वीतभर पाणी साठलं तर अंदाजे हजार लिटर होतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे हजार किलो! पासष्ट-सत्तर हंडे भरून होडीत ठेवल्यासारखं. कुठला टेकू ते पेलणार? बूच काढल्यावर होडी थोडी मागच्या बाजूला कलती ठेवायची, म्हणजे पाणी त्या भोकातून निघून जातं. भोकात कचरा अडकत नाही ना, तेही अधूनमधून बघायचं.

मग टेकू. वजन होडीच्या पोटाखालच्या कण्यावर आलं पाहिजे. त्याखाली आडवे ओंडके हवेत. बाजूचे टेकू फक्त कलंडू नये म्हणून. नुसत्या वाळूवर टेकू उभा केला तर पावसात खालची वाळू वाहून जाते, म्हणून प्रत्येकाखाली रुंद फळी घालायची. आणि टेकू लावताना-काढताना होडीच्या खाली कुणीही वाकायचं नाही. पोरांना तर तिथं फिरकूच द्यायचं नाही.

तिसरं म्हणजे बांधायचं कशाला? आजींचं म्हणणं, माडाची मुळं पसरट असतात, भिजलेल्या वाळूत त्यांचा भरवसा नाही. शिवाय वरून नारळ आणि झावळ्या पडतात त्या वेगळ्याच. कमरेइतका खड्डा खणायचा, त्यात जाड ओंडका आडवा निजवायचा, त्याच्या मध्यावर दोर बांधून वर काढायचा आणि खड्डा दाबून बुजवायचा. उभी खुंटी वाऱ्यानं हलून उपटते, निजवलेला ओंडका सहसा हलत नाही. असे चार पुरायचे, होडीच्या चार कोपऱ्यांना. दोर चार दिशांना ओढलेला असला की वारा कुठूनही येवो.

आणि मग गाठ! "निरगाठ मारू नकात, भिजली की दातांनीपण सुटत नाय. सुरगाठपण नको, ओढलं की सुटली." मग काय करायचं? लाकडाभोवती दोराचे दोन पूर्ण वेढे घ्यायचे. ताण त्या वेढ्यांवर येतो. मग उरलेलं टोक मूळ दोरावरूनच वळवून एकामागून एक दोन अर्ध्या गाठी मारायच्या. घट्ट बसते आणि हवी तेव्हा सुटते. गाय बांधणाऱ्या, पाळणा बांधणाऱ्या बायकांना हे शिकायला दहा मिनिटं लागली नाहीत!

शेवटी त्यांनी आपल्या कमरेची जुनी चिंधी काढली. दोर जिथं होडीच्या काठावर घासतो तिथं ती गुंडाळली. "दोर ओढून तुटत नाय, घासून तुटतो," म्हणाल्या.

गावातले पुरुष हसले. पण मी विचारलं, "कर्ज बाईच्या नावावर, होडी नवऱ्याच्या नावावर, मग गाठ कुणाच्या नावावर?" कुणी उत्तर दिलं नाही.

परीक्षा लवकरच आली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. बंदी सुरू व्हायची होती, होडी पाण्यात होती. सूचना मिळाल्याबरोबर होडी वर घेतली, सुरूच्या झाडांपासूनही लांब. इंजिन काढून घरात आणलं, जाळी आणि इंधनाचा डबा हलवला. ताडपत्री वाऱ्यात शिडासारखी फुगते, म्हणून तीही काढली. होडीची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले. आदल्या वर्षी पंचनाम्याच्या वेळी आधीचे फोटो मागितले तेव्हा आमच्याकडे एकही नव्हता.

१६ मे रोजी वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. रात्री तिला राहवेना. बॅटरी घेऊन निघाली होती, सासूबाईंनी दाराला कडी घातली. "होडी फुटली तर सांधता येते. माणूस नाय." हे सगळ्यात महत्त्वाचं बरं का! वारा सुरू व्हायच्या आधी काय ते करायचं. नंतर कुणीही बाहेर पडायचं नाही.

सकाळी गेलो तर होडी जागच्या जागी. बुचाच्या भोकातून पाण्याची बारीक धार चाललेली. पुढच्या दोरावरची चिंधी पार विरून गेली होती, दोर मात्र शाबूत. तिनं ती चिंधी उचलून कपाळाला लावली.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिनं जाऊन बघितलं, तर बूच लावलेलंच होतं! घरमालकांना फोन करून ते काढलं. बोट पुढून-मागून खांबांना बांधलेली होती, पण एक दोर घासून अर्धा झाला होता. तोही बदलला.

"आणि मावशी, इथं मोठं वादळ आलं तर?"

"तर तो पाळणा उपयोगाचा नाही," मी म्हटलं. तो रोजच्या सोयीसाठी असतो, वादळासाठी नाही. वादळात समुद्राचं पाणी चढलं की बोट पाळण्यातून तरंगून बाहेर पडते आणि खांबांवर आपटते. आधीच गाडीला जोडून लांब उंचावर न्यायची आणि तिथं जमिनीला बांधायची. तिच्या घरमालकांनीही हेच सांगितलं. समुद्र वेगळा, पण वारा आणि पाणी सगळीकडे सारखंच वागतं!

तुमच्या गावात समुद्र नसेल. पण पत्र्याची शेड असेल, गवताची उडवी असेल, गच्चीवर पाण्याची टाकी असेल. ती कुणी बांधली, कशाला बांधली, ते पावसाआधी एकदा बघून ठेवा.

तिचं कर्ज आता फिटलं आहे. पण मे महिन्याच्या शेवटच्या रविवारची आमच्या गटाची बैठक दरवर्षी पुळणीवरच भरते. आधी गाठी बघतो, मग हप्ते गोळा करतो.