गिअरबॉक्सचे तेल घरी बदलले, पण पातळी कधी बघायची?

कळंबच्या रस्त्यांवर आता बिनक्लचच्या गाड्या वरचेवर दिसू लागल्या आहेत. बऱ्याच जणांनी त्या पुण्या-मुंबईहून जुन्या आणलेल्या असतात. अब्बांच्या गुडघ्याला आराम, घरातल्या मुली-सुनांना शिकायला सोपे, म्हणून गाडी दारात येते. गिअरबॉक्सचे तेल बदलायची वेळ आली की मात्र लातूर किंवा सोलापूर गाठायचे म्हणजे एक दिवस मोडतो. मग घरातला हौशी मुलगा म्हणतो, "डबे मागवू, मीच बदलतो." बदलता येते, त्यात आडकाठी नाही. पण निघाले तेवढे तेल ओतले आणि नट आवळला, एवढ्यावर काम संपत नाही, हे आम्हाला सांगायचे आहे.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते बघा. वॅगन आर, सेलेरिओ, टियागो यांच्या बिनक्लचच्या गाड्या बहुतेक 'एएमटी' असतात. आत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. सेलेरिओने २०१४ साली ही पद्धत आपल्याकडे आणली. तिच्यात साधे गिअर तेल असते. क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्राचे तेल वेगळे, त्याची टाकीही वेगळी. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन, नवी अर्टिगा यांचे ऑटोमॅटिक मात्र टॉर्क कन्व्हर्टरचे असते. तिथे 'एटीएफ' नावाचे पातळ तेल लागते. पुढचे सगळे या दुसऱ्या जातीबद्दल आहे. सीव्हीटीचे तेल आणखी निराळे असते, एकाचे तेल दुसऱ्यात चालत नाही. डब्यावरचा प्रकार गाडीच्या पुस्तकाशी जुळलाच पाहिजे.

या गिअरबॉक्सात तेल वंगण असतेच, शिवाय गाडी ओढणारे हातही तेच असते. तेलाच्या दाबानेच आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना धरतात. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो आणि दाब ढिला पडतो. लिव्हर डी वर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग धक्का देऊन सुटते. येडशीच्या घाटात इंजिन ओरडते, पण गाडी चढत नाही. तशीच चालवली तर चकत्या जळतात, आणि मग बिल हजारांत राहत नाही. जास्त ओतले तरी सुटका नाही. फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात आणि फेसाचा दाब बसत नाही.

तेल तापले की फुगते. आठ लिटर तेल ५० अंशांनी तापले तर साधारण पाव लिटरने वाढते. म्हणून पातळीला तापमानाशिवाय अर्थ नाही. जुन्या गाड्यांत गेजपट्टी असायची. गाडी फिरवून आणायची, इंजिन चालू ठेवून पट्टी पुसून घालायची आणि 'हॉट'च्या खुणेवर वाचायचे. आखातातल्या गॅरेजात हात बसलेले आपले भाऊ सुट्टीवर आले की हीच रीत सांगतात. त्या गाड्यांना ती बरोबरच होती. पण आजच्या बऱ्याच गाड्यांना पट्टीच नाही. खाली तपासणीचा एक प्लग असतो. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू असताना तो उघडायचा. तेल बारीक धारेने येऊन थेंबावर आले की पातळी बरोबर. काहीच आले नाही तर आणखी भरायचे. हे तापमान अनेक गाड्यांत चाळीस अंशांच्या आसपास असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा.

चाळीस अंश! मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी सावलीतच पारा त्याच्या पुढे जातो. दुपारी काम काढले तर इंजिन सुरू करण्याआधीच तेल मर्यादेला टेकलेले असते, आणि गार होण्याची वाट बघण्यातच संध्याकाळ होते. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि फज्रनंतर लगेच हात घालावा. तेल हळूहळू तापते आणि प्लग उघडायला पुरेसा वेळ मिळतो. तापमान स्कॅनरवर दिसते, पण साध्या स्कॅनरवर गिअरबॉक्सचे तापमान दिसतेच असे नाही, ते आधी तपासा. ते दिसत नसेल तर आमच्या मते हे काम घरी करूच नये. हाताने शिवून अंदाज घेणे इथे चालत नाही.

काढलेले तेल मापाच्या बाटलीत मोजा आणि तेवढेच नवे भरा. सगळे तेल खाली येत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. त्यामुळे पुस्तकातला पूर्ण आकडा बघून डबे रिकामे करू नका. गाडी चारही चाकांवर सारख्या पातळीत हवी. नुसते पुढून जॅकवर उचलून घेतलेली पातळी खोटी असते. वॉशिंग सेंटरचा रॅम्प किंवा ओळखीच्या मिस्त्रीचा खड्डा मिळाला तर उत्तम, आणि गवंड्याची पाणसळ लावून बघितली तर आणखी चांगले.

गाडीत बसायला घरातले दुसरे माणूस हवेच, बहीण असो की अम्मी. खाली कोणी नसताना, ब्रेक दाबून, लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवून पी वर आणायची. हँडब्रेक ओढायचा, चाकांना ओंडके लावायचे, मगच दुसऱ्याने खाली जायचे. त्यानंतर लिव्हरला कोणी हात लावायचा नाही. वरच्याने फक्त तापमान मोठ्याने सांगत राहायचे. प्लग उघडा असताना इंजिन बंद करू नका. कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते, आणि हवे तेही वाहून जाते.

काढलेले तेल नालीत किंवा मांजरेकडे जाणाऱ्या ओढ्यात ओतू नये. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात बंद करून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे पोचवावे.

आठवडाभराने सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून बघा. एटीएफ बहुधा लाल असते, त्यामुळे त्याचा डाग इंजिन तेलाच्या काळ्या डागापासून लगेच ओळखू येतो. लाल ठिपका दिसला तर प्लगचा वॉशर बदलायचा आणि पातळी पुन्हा पहाटे बघायची.