घरी चार्जर बसवताना

आधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहा. मोटारीसोबत मिळणारा चार्जर साधारण 3.3 किलोवॉटचा असतो, भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॉटचा. भार अपुरा असेल तर वाढवून घ्या. 32 अँपिअरच्या चार्जरला निदान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

खरी परीक्षा अर्थिंगची. पारनेर, कर्जत, जामखेडकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, रोध वाढतो आणि बरेच चार्जर मग सुरूच होत नाहीत. वायरमनकडून रोध मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा. इथे काटकसर नको, प्रश्न जिवाचा आहे.

घरच्या मीटरवर घरगुती दरच लागतो. मात्र 100 आणि 300 युनिटचे टप्पे ओलांडले की तो चढतो. 30 युनिटची बॅटरी महिन्यात आठदा भरली की 240 युनिट तिथेच गेले. केंद्राच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडीसाठी वेगळे मीटरही मागता येते.

वस्तीवर राहणाऱ्यांनी शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नये. वीज कायदा 2003च्या कलम 126 नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.