कुंपणाआडची शाळा

१८२० साली अमेरिकेहून हवाई बेटांवर पोहोचलेल्या पहिल्या मिशनरी तुकडीत लूसी थर्स्टन होत्या. त्यांना धाडणारे अमेरिकन बोर्ड आपल्याकडेही ठाऊक आहे. मुंबईतले मराठी मिशन याच बोर्डाने १८१३ मध्ये सुरू केले. बोर्डाच्या दप्तरी नवरा मिशनरी आणि बायको ‘साहाय्यक मिशनरी’. कामाचा रगाडा मात्र साहाय्यकाचा नव्हता. हवाई स्त्रियांना शिकवणे, प्रार्थनासभा घेणे, आल्यागेल्याचे करणे, आणि त्यातच स्वतःच्या पाच मुलांची घरातली शाळा.

खरी ओढाताण वेळेची नव्हतीच. ज्यांच्यासाठी लूसीबाई घरदार सोडून आल्या, त्यांच्याच संगतीची त्यांना मुलांसाठी धास्ती वाटे. म्हणून काइलुआ गावातल्या आपल्या घराभोवती त्यांनी कुंपण घातले. भेटायला येणाऱ्यांची जागा वेगळी, मुलांची वेगळी. मुलांना हवाई भाषा शिकायची मनाई. आईचे सगळे काम मात्र त्याच भाषेत! आज हे खटकते, आणि खटकायलाच हवे.

मुलांना या संगतीपासून दूर ठेवण्याचा दुसरा मार्ग याहून कठोर होता. कित्येक मिशनरी आयांनी लहानग्यांना केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या जहाजप्रवासाला लावून अमेरिकेतल्या नातलगांकडे पाठवले. काहींची पुन्हा भेट झालीच नाही.

अखेर १८४१ मध्ये होनोलुलूत मिशनऱ्यांच्या मुलांसाठी पुनाहू शाळा स्थापन झाली. ती आजही चालू आहे. बराक ओबामा तिथलेच, १९७९ च्या तुकडीतले.