पोटापाण्याचं दुसरं साधन

नोव्हेंबर उजाडला की कोकणातल्या त्या शाखा डाकघराच्या पडवीत पेन्शनर मंडळी जमतात. हयातीचा दाखला द्यायचा असतो. एक बाकडं, खुंटीला अडकवलेली टपालाची थैली, शिक्का, वाळत आलेलं शाईचं पॅड आणि बोटाचा ठसा घेणारं चिमुकलं यंत्र, एवढाच सरंजाम. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका अंगठा ठेवतात, ठसा काही उमटत नाही. "काका, हात जरा चोळा, गार पडलाय," डाकसेवक म्हणतो आणि स्वतःच त्यांचा अंगठा रुमालाने पुसून पुन्हा ठेवतो. तिसऱ्या खेपेला यंत्र मान्य करतं. काकांची पेन्शन आणखी वर्षभर चालू.

ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्याकडे हाच माणूस यंत्र पिशवीत घालून जातो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही घरपोच सोय २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली, शुल्क ७० रुपये. गर्दी ओसरल्यावर मी त्याला विचारलं, "तुमची निवृत्ती कधी?"

"पुढल्या मार्चात पासष्ट पुरी."

"म्हणजे मग तुम्हीही या यंत्रावर अंगठा..."

"आम्हाला कशाला? आम्ही आहोत की नाही, हे कोण विचारणार?"

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून नियमांची पुस्तकं आणि निकालपत्रं उघडली.

आपल्या देशात सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरं आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत. खेड्यातलं डाकघर म्हणजे बहुधा शाखा डाकघर, आणि ते चालवणारा माणूस खात्याचा कायम नोकर नसतो. तो ग्रामीण डाकसेवक. अशी अडीच लाखांच्या आसपास माणसं आहेत. शहरातला पोस्टमन आणि हा डाकसेवक दोघेही टपाल वाटतात, दोघांच्या हातातला शिक्का एकाच खात्याचा. म्हातारपण मात्र दोघांचं सारखं नाही.

याचं मूळ दीडशे वर्षांहून जुनं आहे. डलहौसीच्या काळात टपालखात्याची नवी घडी बसली, पण प्रत्येक खेड्यात पगारी पोस्टमास्तर नेमणं परवडणारं नव्हतं. मग शाळामास्तर, दुकानदार, स्टेशनमास्तर अशांच्या गळ्यात हे काम घालण्यात आलं. त्यांचं पोट आपापल्या धंद्यावर, टपाल हा जोडधंदा. त्यांना नाव मिळालं 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट', म्हणजे खात्याबाहेरचा माणूस. खेड्यात सरळ 'ईडी' म्हणत. (आज वर्तमानपत्रात ही दोन अक्षरं दिसली की पुढाऱ्यांना घाम फुटतो. तेव्हा ती गावातल्या सगळ्यात गरीब सरकारी माणसाची ओळख होती.) १९६४ च्या नियमांनी ही व्यवस्था पक्की केली. उमेदवाराला पोटापाण्याचं दुसरं साधन हवं, आणि पेन्शन मिळणार नाही. पहिल्या अटीवर दुसरी उभी आहे. दुसरं साधन आहे म्हटल्यावर म्हातारपणाची काळजी सरकारने का करावी?

हेच खातं आपल्या माणसांबाबत पहिल्यापासून बेफिकीर होतं, असंही नाही. टपाल जीवन विमा १ फेब्रुवारी १८८४ रोजी सुरू झाला तो मुळात टपाल कर्मचाऱ्यांसाठीच. सुरुवातीला ४,००० रुपयांची मर्यादा. १८९४ मध्ये खात्यातल्या स्त्रियांनाही त्यात घेतलं, तेव्हा देशात दुसरी कुठलीही विमा कंपनी बायकांचा विमा उतरवत नव्हती. माणूस मेल्यावर घरच्यांचं काय, हा विचार त्या काळी झाला होता.

आता कोर्टाची गोष्ट. ती मी एका बैठकीत वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. केरळातल्या काही ईडी सेवकांना चौकशीविना काढून टाकलं होतं. पी. के. राजम्मा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की हा माणूस हंगामी मजूर नाही, तो सरकारच्या हाताखालचं मुलकी पद धारण करतो. त्याला काढायचं तर घटनेच्या ३११ व्या कलमाप्रमाणे म्हणणं मांडायची संधी द्यावी लागेल. निकाल मोठा होता. खात्याबाहेरचा माणूस घटनेच्या आत आला.

पण पद मिळालं म्हणजे पदाबरोबर येणारं सगळं मिळालं, असं झालं नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात कमाल रक्कम २०१८ मध्ये २० लाखांवर गेली. डाकसेवकाची सानुग्रह ग्रॅच्युइटी त्याच वर्षी ६० हजारांवरून दीड लाखावर आली. आम्हालाही तो कायदा लावा, अशी मागणी कोर्टात गेली. २०१९ च्या मार्चमध्ये गुरसेवक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. कारण काय? हे लोक केंद्र सरकारच्या हाताखालचं पद धारण करतात आणि ग्रॅच्युइटीचे त्यांचे वेगळे नियम आहेत, म्हणून तो कायदा त्यांना लागू नाही. १९७७ ला जे पद ढाल म्हणून हातात आलं, तेच ४२ वर्षांनी दारातली आडकाठी झालं. कायद्याच्या चौकटीत ते तर्काला धरून असेलही. पडवीतल्या माणसाला मात्र ते समजावून सांगताना माझी जीभ अडखळली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गांडिबा बेहेरा प्रकरणाचा निकाल आला. काही डाकसेवक उतारवयात परीक्षा देऊन किंवा ज्येष्ठतेने खात्याच्या कायम नोकरीत जातात. तिथे पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते, आणि यांची ती पुरी व्हायच्या आत साठी येते. आधीची वीस-पंचवीस वर्षं धरा, असं ते म्हणत होते. कोर्टाने सांगितलं, डाकसेवक म्हणून केलेली सेवा पेन्शनसाठी धरता येणार नाही. अट शिथिल करण्याचा अधिकार सरकारला आहे, तो वापरण्याचा विचार अधिकाऱ्यांनी करावा, एवढी फट मात्र ठेवली.

अपंगत्वाचं तर विचारूच नका. कायम नोकरीतल्या पोस्टमनचा अपघातात पाय गेला तर त्याला घरी बसवता येत नाही. १९९५ च्या कायद्यात ते संरक्षण होतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमातही आहे. त्याला झेपेल असं दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करायचं. काम करणंच अशक्य झालं तर अपंगत्वाची पेन्शन आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत तिच्यातली १० वर्षं सेवेची अटही काढली गेली. शाखा डाकघरात दुसरं टेबलच नसतं. तिथे माणसं एक किंवा दोन. अपंगत्वाची पेन्शन ज्या नियमांत आहे, त्या नियमांच्या दाराबाहेर डाकसेवक उभा. साधी रजा हवी असली तरी बदली माणूस त्यानेच शोधायचा, स्वतःच्या जबाबदारीवर. माझ्या डाकसेवकाचा उजवा गुडघा चार पावसाळे दुखतो आहे. पुतण्याला बदलीवर ठेवून तो दहा दिवस घरी बसला, मग तोच पुन्हा बटवड्याला निघाला. वाडीकडे जाताना चिऱ्यांच्या पायऱ्या उतरायच्या असतात. तो आडवा होऊन, एकेक पायरी उतरतो.

काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०११ पासून 'सेवामुक्ती लाभ' योजना आली आणि सरकार महिना २०० रुपये प्रत्येकाच्या नावे भरू लागलं. कमलेश चंद्र समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला, तो धूळ खात पडला, आणि २०१८ च्या मे महिन्यात डाकसेवक दोन आठवड्यांहून अधिक काळ संपावर गेले. ६ जूनला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. शाखा पोस्टमास्तरचा मूळ भत्ता चार तासांना १२ हजार आणि पाच तासांना साडेचौदा हजार झाला. भत्ता म्हणायचं, पगार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये सेवेच्या वर्षांप्रमाणे वाढीव रक्कम देणारी योजना आली. ३६ वर्षं सेवा झालेल्याला वर्षाला ७,२०० रुपये जास्त, म्हणजे महिन्याला ६००. कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या एप्रिलमध्ये, कामावर असताना संसर्गाने मेल्यास १० लाख रुपये द्यायचं ठरलं, तेव्हा यादीत ग्रामीण डाकसेवकाचं नाव स्पष्ट होतं. त्या एका आदेशात तो आणि शहरातला पोस्टमन अगदी एका ओळीत उभे होते.

"तुमचं पोटापाण्याचं दुसरं साधन काय हो?" निघताना मी मुद्दाम विचारलं.

तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "अर्जात लिहिलं होतं, शेती. दीड एकर, तीन भावांत."

डाकघराची जागाही शाखा पोस्टमास्तरनेच द्यायची असते, त्यामुळे ही पडवी त्याच्या घराचीच. मार्चनंतर नवा माणूस नेमला जाईल, तो आपली जागा दाखवेल आणि लाल पाटी तिकडे जाईल. थैली, शिक्का, तराजू, यंत्र सगळं मोजून, सही करून द्यायचं.

"मग पडवीचं काय करणार?"

"भाताची पोती ठेवीन. गेली बत्तीस वर्षं माजघरात ठेवतोय, बायको रोज ओरडते."