काढलेल्या गर्भाशयातून रुजलेले समज

गर्भाशयाला आतून जे अस्तर असते आणि जे दर महिन्याला पाळीच्या रूपाने बाहेर पडते, त्या अस्तराच्या ग्रंथी बाहेरच्या स्नायुभित्तीत शिरून तिथेच वाढू लागल्या की त्या विकाराला ॲडेनोमायोसिस म्हणतात. त्यात स्नायू जाड होतो, गर्भाशय गोलसर व जड बनते, पाळीत वेदना वाढतात, रक्तस्राव जास्त होतो, आणि सोनोग्राफीचा अहवाल घरी पोहोचेपर्यंत ‘पिशवीला सूज आली आहे’ एवढाच त्याचा अर्थ उरतो.

हा आजार चाळिशीतल्या, दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रियांचा, म्हणून मूल होण्या-न होण्याशी त्याचा संबंध नाही, हा सर्वांत खोल रुजलेला समज आहे आणि त्याचे मूळ निदानाच्या इतिहासात सापडते. कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये त्याचे वर्णन केले, थॉमस कलन यांनी १९०८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु त्यानंतरही कित्येक दशके पक्के निदान काढून टाकलेल्या गर्भाशयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच होई. जिला मूल हवे आहे तिचे गर्भाशय कोणी काढत नाही, त्यामुळे तिच्यातला आजार कुणाच्या नजरेसही पडला नाही. योनीमार्गे केली जाणारी सोनोग्राफी आणि एमआरआय यांमुळे तो आता विशी-तिशीतल्या, अद्याप गर्भ न राहिलेल्या स्त्रियांतही दिसतो. मात्र तपासणीची सोय असणे पुरेसे नसते. उदाहरणार्थ, म्हैसूर–टी. नरसीपूर रस्त्यावरील वरुणा गावातील स्त्रीला म्हैसूर शहरातले, १९२४ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर मेडिकल कॉलेजशी संलग्न असे स्त्रिया व मुलांचे चेलुवांबा रुग्णालय फार दूर नाही. पण ‘पाळीत दुखायचेच’ असे मानून ती तपासणीलाच गेली नाही, तर हे जवळ असणे तिच्या कामी येत नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा, की निदान झाले म्हणजे मातृत्वाची आशा संपली. हा आजार असलेल्या अनेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत फलन घडवून भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार, घेतलेल्या स्त्रियांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गर्भ राहण्याचे प्रमाण ॲडेनोमायोसिस असताना ४०.५ टक्के, तर नसताना ४९.८ टक्के आढळले. घट खरी आहे, पण ती दार बंद करणारी नाही.

गर्भपाताबाबतचा फरक मात्र अधिक गंभीर आहे, कारण त्याच विश्लेषणात तो ३१.९ टक्के विरुद्ध १४.१ टक्के असा होता. हे आकडे आयव्हीएफ घेणाऱ्या स्त्रियांचे असल्याने ते प्रत्येकीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. यामागची यंत्रणा पूर्ण उलगडलेली नसली, तरी अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेवरील थराचे विस्कळीत आकुंचन, सततचा दाह आणि गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला अस्तराने कमी प्रतिसाद देणे ही कारणे मानली जातात. म्हणूनच गर्भ पडल्यावर ‘जड उचलले’, ‘पपई खाल्ली’ असे म्हणून सुनेला दोषी धरणे निराधार आहे, आणि अन्यायाचेही आहे. गोव्यात जन्मलेले व मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्या नावाने जगभर ओळखला जाणारा टाका प्रत्येक गर्भपात थोपवतो, ही समजूतही तपासून पाहावी. तो गर्भाशयाचे मुख अकाली उघडत असेल तर उपयोगी असतो, स्नायुभित्तीतील हा विकार त्याने बरा होत नाही.

‘गाठ आहे, काढून टाका’ हा सल्ला फायब्रॉईडला, म्हणजे स्पष्ट कडा असलेल्या स्नायूच्या गाठीला, बऱ्याचदा लागू पडतो. ॲडेनोमायोसिसला मात्र तशी कड नसते, निरोगी स्नायूतून तो वेगळा सोलून काढता येत नाही, आणि असा भाग कापल्यानंतरच्या गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचा धोका उरतो. संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने रक्तस्राव व वेदना कमी करतात, पण ती गर्भनिरोधकही असल्यामुळे मूल हवे असताना वापरता येत नाहीत. गोठवलेले भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी काही महिने संप्रेरके दाबणारी इंजेक्शने देण्याची पद्धत आहे; तिचे निष्कर्ष सर्व अभ्यासांत सारखे आलेले नाहीत. गर्भाशय काढण्याने आजार निश्चित संपतो, परंतु मूल हवे असलेल्या स्त्रीपुढे तो पर्याय ठेवण्याआधी तिचे वय, बीजांडांचा साठा आणि विकाराची व्याप्ती पाहिली गेली पाहिजे, आणि तिची इच्छा तिलाच विचारली गेली पाहिजे.