भुकेला लावलेला सापळा
कोल्हापूरची संस्थानी शिकार आणि आजचे रान

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे पाहताना शिकाऱ्याचे धाडस आधी डोळ्यांपुढे येते. पण त्या काळी शिकार कशी होत असे, हे तपासले की धाडसाचा वाटा फार थोडा उरतो.

वाघासाठी रेडकू बांधायचे, बिबट्यासाठी बोकड. शिकारी मचाणावर बंदूक रोखून बसे. नाही तर हाका घालून गावची माणसे रान उठवत आणि बिथरलेले जनावर नेमके बंदुकीपुढे येई. पायी हाका घालणाऱ्याचा जीव धोक्यात असे, नाव मात्र मचाणावरच्याचे होई.

कोल्हापूर दरबाराची खासियत म्हणजे चित्त्याकडून काळविटाची शिकार. डोळे बांधलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत. रोजच्या बैलगाड्यांना सरावलेली काळविटे तिला बुजत नसत. गाडी पुरेशी जवळ गेली की पट्टी सुटे आणि चित्ता झेपावे. काळविटाचा माणसाच्या गाडीवरचा विश्वास हेच इथे आमिष होते.

चित्त्याचीही फसवणूकच होई. तो ठरावीक झाडांशी वारंवार येतो. त्या सवयीचा माग काढून तिथे फासे लावत. त्या काळी पाळीव अवस्थेत चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीर बादशहाच्या काळातली एक नोंद अपवाद म्हणून सांगितली जाते. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून उणा झालेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. जनावर संपत आले, तरी खेळ थांबला नाही. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

रान कोणी राखले?

राजांनी शिकारीसाठी रान राखले म्हणून जंगल वाचले, असे नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. दाजीपूरचे रान संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. 1985 मध्ये विस्तार होऊन त्याचे, म्हणजे आजच्या राधानगरी अभयारण्याचे, क्षेत्र 351 चौरस किलोमीटर झाले आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. पण रान वाचले ते इतरांची कुऱ्हाड आणि बंदूक बाहेर राहिली म्हणून. मचाणावरच्या गोळीने एकही गवा वाढवला नाही.

त्याच काळात पोटासाठी फासे लावणारा पारधी मात्र इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरला होता. राजर्षी शाहू महाराज स्वतः शिकारीचे शौकीन होते. तरीही अशा जमातींवरची रोजची हजेरी त्यांनी 1918 मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना काम व आसरा दिला. त्यांच्या चरित्रातला हा भाग शिकारीच्या आकड्यांपेक्षा मोठा आहे.

पैशाचा युक्तिवाद

शिकारीच्या परवान्यातून संवर्धन होते, असे मानणाऱ्यांची बाजू ऐकायला हवी. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या रानबोकडाच्या मोजक्या परवान्यांचा लिलाव होतो आणि 80 टक्के रक्कम स्थानिक गावांना मिळते. त्यामुळे गावकरी मारखोर राखू लागले. पण हा हिशेब परवाने मोजके आणि वाटणी चोख असेल तरच जमतो. 2015 मध्ये झिम्बाब्वेत सीसिल नावाच्या सिंहाला आमिष दाखवून ह्वांगे उद्यानाबाहेर आणले. बाण लागल्यावर तो कित्येक तास जखमी होता, मग त्याला ठार केले. पैसे भरले म्हणून ते कृत्य न्याय्य ठरत नाही.

आमिष दाखवणे आणि मारणे यांत फरक नाही, हे आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ओळखले. त्याच्या व्याख्येत जनावर मारणे ही शिकार आहेच. पकडणे, फासे लावणे, हाका घालणे, मागे जनावर सोडणे आणि आमिष दाखवणे हीसुद्धा शिकारच आहे, तसा प्रयत्नदेखील. जुन्या दरबाराच्या साऱ्या रीती त्यात आल्या. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावरासाठी मुख्य वन्यजीव रक्षक वेगळी परवानगी देऊ शकतो. गरज आणि हौस यांतला फरक कायद्याने केला आहे.

मचाणे गेली, आमिष राहिले. रानडुकरासाठी खाद्यात गावठी बॉम्ब दडवतात, पिकाभोवती तारेत चोरून वीज सोडतात. बॉम्ब जबड्यात फुटला की जनावर दिवसेंदिवस उपाशी तडफडते. 2020 मध्ये केरळात गर्भार हत्तीण अशीच मेली. खाणारा डुक्कर आहे, कुत्रा आहे की गाभण गाय, हे बॉम्बला कळत नाही.

गव्यांनी तुडवलेला ऊस आणि भात पाहणाऱ्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे. त्याला भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळालीच पाहिजे, नाही तर कायद्याचा धाक कुचकामी ठरेल. पण भुकेल्या जिवापुढे अन्नात मृत्यू ठेवणे हा कोणत्याही नुकसानीवरचा उपाय नव्हे. गावात असे बॉम्ब किंवा फासे आढळले तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि मुलांना संग्रहालय दाखवाल, तेव्हा तिथला वाघ कसा मारला गेला हेही त्यांना सांगा.